दवाईची अंडी

मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना पावसाळ्याच्या सुरुवातीला आईच्या उजव्या हाताची बोटं सुजली. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. देऊळघाट गावातून बुलढाण्याला शिकायला जाणाऱ्या मुली मोजक्याच होत्या आणि आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मीच पहिली. आईला काटवटीत भाकर थापता येईना. ते काम माझ्याकडे आलं आणि सकाळची बस चुकू लागली. वडील म्हणाले, "दसऱ्यापर्यंत हात पाहू. नाही झाला नीट, तर कॉलेज राहू दे."

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी लघवी तपासली, तीत साखर निघाली. भाकरी, भात, गूळ अगदी कमी करायला आणि रोज दोन अंडी खायला त्यांनी सांगितलं. सूज उतरेलच, असं ते म्हणाले नाहीत. "साखर उतरली तर बोटांनाही बरं वाटेल कदाचित. करून पाहा," एवढंच म्हणाले.

आमच्या चुलीवर अंडं चढत नव्हतं. शेजारच्या चाचीकडे कोंबड्या होत्या. तीच अंडी उकडायची आणि कुंपणावरून हाक मारायची, "आओ बाई, तुमची दवाई उकडली!" आई तिच्या ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसायची, कशीबशी अंडी गिळायची आणि चूळ भरून घरी यायची.

"कोंबडीले आता देव्हाऱ्यापाशीच बसव," वडील म्हणायचे.

"मी काही सवादानं खाऊन नाही राह्यली. दवाई हाय थे."

रोज सकाळी मी आईला माझं मनगट धरायला लावायची आणि बोटं किती वळतात ते पाहायची. हे मी तिच्यासाठी करत होते की बससाठी, ते तेव्हा स्वतःला विचारलं नाही. दोन आठवड्यांत पकड जरा सुधारली. पण मंगळवारी आणि रविवारी बोटं पुन्हा ताठ असायची. मला वाटलं, अंडी तिला सोसत नाहीत. चाचीला तसं बोलूनही दाखवलं.

ती हसली. "सोमवारी, शनिवारी थे माह्याकडे येतेच कुठं? तिचा रोजा असते. माह्या अंड्याले काऊन नाव ठेवतं?"

सोमवार आणि शनिवार आईचे उपासाचे दिवस. त्या दिवशी अंडं वर्ज्य. भाकरही नाही, म्हणून तेच दिवस सर्वांत कडक पथ्याचे, असं आम्ही धरून चाललो होतो. आणि त्या दिवशी ती खायची काय, तर भगर, साबुदाणा, उकडलेली रताळी, तेही पोटभर. रांधायची मीच. डॉक्टरांचं बोलणं नीट ऐकून घेतलं होतं तेही मीच. त्यांनी भाकरी, भात, गूळ म्हटलं होतं, उपासाच्या जिनसा म्हटल्या नव्हत्या.

आईला सांगायला मला दोन दिवस लागले. तिच्या उपासात दोष काढतेय, असं वाटत होतं.

"माय, भगर म्हंजे भातच हाय एक परकारचा. साबुदाणाही तसाच."

"मंग काय उपास सोडू?"

"उपास नको सोडू. भगर सोड."

ती म्हणाली, "एवढी शिकून हेच शोधलं का वं?" पण पुढचा सोमवार तिनं ताक आणि मूठभर शेंगदाण्यांवर काढला. त्यानंतरचा शनिवारही.

दसऱ्याच्या आधी सूज बरीच उतरली. अंड्यांनी, भगर सुटल्यानं, की पाऊस ओसरून हवा कोरडी झाल्यानं, हे मला आजही सांगता येत नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही मी "माहीत नाही" म्हणाले आणि शरमले.

एका सकाळी आईनं काटवट माझ्यापुढून ओढून घेतली. "ऊठ. तुही बस निघून जाईन."

पहिली भाकर जाड झाली, काठाला फाटली. वडिलांनी ती ताटात घेतली, मोडली आणि खाऊ लागले. मी पिठाचे हात धुऊन कॉलेजच्या वह्या उचलल्या.