पिशवीभर कागद
पहिल्या लॉकडाऊनमध्ये परदेशात, लिक्सलिप गावातल्या भाड्याच्या घरात आम्ही दोघंच होतो, मी आणि कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यातला माझा तेलुगू सहकारी. त्याचा भाऊ एका मारधाडीच्या विनोदी तेलुगू सिनेमात गुंड झाला होता. थिएटरं बंद, म्हणून सिनेमा टीव्हीवरच लावला. भाऊ पडद्यावर आला की उधळायला त्यानं पिशवीभर कागदाचे तुकडे करून ठेवले होते. मी खेकसलो, "हे थिएटर नाही. कार्पेट कोण साफ करणार?" कार्पेट घरमालकाचं होतं, माझ्या बापाचं नव्हे. सहकाऱ्यानं पिशवीला गाठ मारली. भाऊ दोन सेकंद दिसला आणि हिरोच्या लाथेनं टोमॅटोच्या ढिगात पडला. सहकारी मांडीवर हात ठेवून बसला होता.

पुढच्या वर्षी घर सोडताना कपाटात ती पिशवी सापडली. तोवर भावानं सिनेमा सोडून गावी टायरचं दुकान टाकलं होतं.