निळ्या चेहऱ्याचे आबा

पुण्याहून निघताना माझ्या काखेत एक म्हातारे आबा होते. म्हणजे आमच्या संग्रहालयातल्या चित्राची चौकटीत बसवलेली प्रत. निम्मा चेहरा निळा, एक कान हिरवा, खांद्यावर लाल काठाची घोंगडी. चित्रकाराच्या वहीत टिपण एवढंच: 'आबा, केंदूर.' चित्रांखालच्या पाट्या मी लिहिते, आणि 'अनामिक वृद्ध' असं लिहायला माझा हात धजेना. म्हणून नाव शोधायला निघाले.

सणसवाडीला चौकटीवरचा कागद फाटला आणि घात झाला. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाचा एवढा मोठा फोटो कशासाठी करतात, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. केंदूरच्या रिक्षावाल्याने आधी गाणी बंद केली.

"कवा गेले?"

"कुणी गेलेलं नाही. हे चित्र आहे."

"व्हय ताई. पयल्यांदा असंच वाटतं."

रिक्षात शेजारी बसलेल्या बाईने पिशवीतला झेंडूचा हार काढून आबांना घातला. मी नको नको म्हणत राहिले.

केंदूरला पारावरच्या माणसांनी टोप्या काढल्या. त्यातला एक धिप्पाड गडी धावत आला. हा दत्ता.

"ही घोंगडी आमच्या चुलत्याची! बिरू आबाची!"

बांधाच्या भांडणावरून सहा वर्षं दोघांत अबोला होता. आबा राहू गावाला लेकीकडे राहायला गेले, आणि दत्ताने एकदाही तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. तो चौकटीसमोर मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला. हे नुसतं चित्र आहे, असं मी तीनदा सांगितलं.

"तोंड निळं पडलंय की!" एक म्हातारी म्हणाली. "पान लागलं आसंल." (पान लागणं म्हणजे साप चावणं.)

तासाभरात पिठलं-भाकरीचं गाठोडं बांधलं गेलं. हा कडू घास (मयताच्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा सोयरे नेतात ते जेवण). जीपमध्ये आम्ही अकरा जण आणि पुढच्या सीटवर आबा. भीमेचा पूल ओलांडून दौंड तालुक्यात शिरलो. दोन्ही बाजूंना ऊस होता, पण बघायचं भान कुणाला होतं?

राहूला अंगणात बाजेवर बिरू आबा तंबाखू मळत बसले होते. बायकांनी जीपमध्येच हंबरडा फोडला होता, तो त्यांना लगेच आवरेना. आबांनी हार घातलेल्या चित्राकडे बराच वेळ पाहिलं.

"ह्यो कान हिरवा कशापायी?"

मला ठाऊक नव्हतं. आमच्या संग्रहालयातही कुणाला ठाऊक नाही. मग आबांची नजर गाठोड्याकडे गेली.

"पिठलं हाय व्हय? वाढ की."

"आबा, ते मयताचं हाय," दत्ता पुटपुटला.

"मंग माझंच हाय नव्हं?"

दत्ताने वाढलं. आबांनी अर्धी भाकरी खाल्ली आणि उरलेली, वर न बघता, त्याच्यापुढे सरकवली. "बस. तू बी खा." माझे डोळे भरून आले, ते मी मिरचीवर ढकलले.

निघताना पाटीवर नाव लिहू का, असं आबांना विचारलं.

"लिव्हा. पर जित्ता हाय असं बी लिव्हा. न्हाईतर समदी परत रडत येत्याल."

आता पाटीवर आहे: 'बिरू आबा, केंदूर आणि राहू. हयात.' शेवटच्या शब्दाला साहेबांचा विरोध होता, पण मी हटले नाही. तो शब्द कधीतरी मलाच काढावा लागणार, याची मला धास्ती वाटते.

परवा आबांचा फोन आला. "ताई, काल दत्ता पिठलं-भाकरी घिऊन आला व्हता. कुनी मेलं नसताना!"