पत्रकाच्या पाठीवरचा प्रश्न

त्या काळी मी अन्यायाविरुद्ध रोज पेटून उठत असे. इचोड्याच्या बसस्टँडवर पत्रकं वाटत होतो: 'गावाकडच्यांवर इंग्रजीची सक्ती नको! दहावीचा इंग्रजीचा पेपर रद्द करा!' बाकावरच्या चाळिशीच्या बाईंनी पत्रक घेतलं, उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर पास्ट परफेक्टचे प्रश्न लिहायला लागल्या. उद्या त्यांचा तोच पेपर होता. पास झाल्या तर बालवाडीत नोकरी लागणार होती. प्रत्येक वाक्यानंतर त्या पेन अंबाड्यात खोचत.

"दादा, तपासता का? हॅड यू आस्क्ड अस बिफोर यू रोट धिस? हे लिहायच्या आधी तुमी आमाले इचारलं होतं का?"

"वाक्य बरोबर आहे," मी मास्तरी थाटात म्हणालो.

"ते माईत हाये जी. जवाब काय?"

समोर आलेल्या बसमध्ये मी चढलो. मला आदिलाबादला जायचं होतं. उतरलो उलट्या दिशेच्या मंचेरियलला.