आधी जाळी, मग पदर

रोज सकाळी आमचे मालक चक्कीपाशी जात आणि पट्ट्यावरच्या लोखंडी जाळीला बोटांच्या पेरांनी तीनदा ठोकत. ठण, ठण, ठण. दुसऱ्याच्या घराचं दार वाजवावं तसं, अदबीनं. जाळी हलली नाही, की मग शेडच्या दाराशी येऊन उभे राहत आणि आत येणाऱ्या एकेका बाईला विचारत,

"पदर?"

"खोचला."

"बांगड्या?"

"कोटाच्या बाहीत."

"वेणी?"

"टोपीत."

मग मान हलवायची आणि पुढची बाई. तीसेक बायांना रोज हेच. नवी आलेली एखादी फिदीफिदी हसायची. "इतका बुढा मानूस बायांचे पदर काहून विचारते वं?" जुनी बाई म्हणायची, "थांब जराशी. सिंधू येऊ दे."

सिंधू यायची. तिला मालक काहीच विचारत नसत. तीच उजवा हात वर करून सांगायची, "खोचला, मालक." त्या हाताला अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, एवढंच होतं. नवीचं हसणं तिथंच थांबायचं.

आमचा कारखाना बुटीबोरीला, मोठमोठ्या कापडाच्या कारखान्यांच्या मागं दडलेला. लाल तिखटाचा. मी मूळची कुहीकडची, मिरचीचे देठ खुडता खुडता वाढलेली, तेव्हा ठसका काय आणि डोळ्यांची आग काय, मला नवी नव्हती. मालक मात्र या धंद्यातले नव्हते. नागपुरात महाल भागात त्यांचं घर, भोसल्यांच्या अमदानीपासून घराण्यात कारकुनी. हा एकच मुलगा दौत-लेखणी सोडून मिरचीत शिरला. पण जुनी सवय अंगात राहिलीच. खिशाला शाईचा पेन, अक्षर मोत्यासारखं, आणि एक वाक्य ठरलेलं. "आमच्या घरात शाईनं लिहिलेलं खोडत नाहीत."

सुरुवातीला काही ते जाळी ठोकणारे नव्हते बरं. चांगले होते, आम्ही चांगलेच म्हणायचो. चहा वेळेवर, दिवाळीला साडी, कोणाच्या घरी दुखणं-खुपणं झालं तर विचारपूस. तिखटाच्या धुळीवर उपाय म्हणून सुटीच्या वेळी प्रत्येकीच्या हातावर गुळाचा खडा ठेवत. "खा, घसा साफ होतो." आम्हीही खायचो आणि खोकत घरी जायचो. आणि येता-जाता म्हणायचे, "सांभाळून काम करा बायांनो." आम्हाला ते मायेचं वाटे. होतंही मायेचं. पण त्या एका वाक्यात सगळं ओझं आमच्याच डोक्यावर दिलेलं होतं, हे ना त्यांच्या ध्यानात आलं, ना आमच्या.

खांडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असे. तुमच्याकडेही होत असेल. मालकांच्या आई त्या दिवशी महालातून यायच्या. ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत, पण नऊवारी कशी चापूनचोपून. त्यांचा एकच हट्ट. कुंकू लावायचं ते चाकाला. "जाळीला कसली रे पूजा? फिरतं ते चाक." म्हणून दरवर्षी मालक फिटरला सांगून पट्ट्यावरची जाळी उतरवत. आई चाकाला पाच बोटं कुंकवाची लावत, अक्षता टाकत. आम्ही झेंडूचे हार घालायचो. हारांचं काम माझ्याकडे.

त्या वर्षी फुलं जास्त झाली. भिंतीवर एका पेटीत चक्की एकदम थांबवायचं लाल बटण होतं आणि पेटीच्या डोक्यावर एक खिळा. मला तो खिळा सोयीचा वाटला. चांगला दुपेडी हार मी तिथं सोडला. सगळ्या म्हणाल्या, भिंत कशी भरल्यासारखी दिसते.

आईंचं म्हणणं असं, की पूजेचा हार आपोआप सुकेपर्यंत काढायचा नाही आणि तोवर चाकावरचं कुंकूही झाकायचं नाही. इतर वर्षी ते खपून जाई, कारण दसऱ्यानंतर आठवडाभर चक्की बंदच असे. त्या वर्षी दिवाळीचा माल अडला होता. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी चक्की सुरू करायची ठरली. फिटर जाळी हातात घेऊन उभा होता. मी तिथंच होते.

"मालक, जाळी कसून टाकू का?"

"राहू द्या दोन दिवस. आईला वाईट वाटेल." आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "सांभाळून काम करा बायांनो."

दुपारच्या आधीची गोष्ट. सिंधू घमेलं उचलायला चाकाजवळ वाकली. बावीस-तेवीस वर्षांची पोर, लग्नाला वर्ष झालेलं. पदर चाकात गेला, पदर ओढायला हात गेला. ती ओरडली ते मला चक्कीच्या आवाजात ऐकूच आलं नाही, फक्त तोंड उघडलेलं दिसलं. मी बटणाकडे धावले. बटणाच्या जागी झेंडूच झेंडू. मी फुलं ओरबाडत राहिले, पाकळ्या हातात येत राहिल्या, बटण काही सापडेना. शेवटी फिटरनं पलीकडून मेन स्विच पाडला.

तोवर तीन बोटं गेली होती.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं अपघाताचा कागद तयार करून मालकांपुढं ठेवला. कारखान्यांचा सरकारी निरीक्षक येणार होता. कागदात लिहिलं होतं, बाईनं पदर न खोचता, निष्काळजीपणे काम केलं. मॅनेजर म्हणाला, "साहेब, जाळी आता बसवलीच आहे. सही करा. विषय संपला."

आम्ही बाया ऑफिसच्या दारात उभ्या होतो. सिंधूच्या बाजूनं उभ्या होतो असं तुम्हाला वाटेल. नाही. खोटं कशाला लिहू? आम्हाला आमच्या चुलीची भीती होती. आमच्यातली तोंडाळ गंगाबाई पुढं झाली. "मालक, कारखाना बंद पडला त आमी कुठं जाऊ? करा सही. सिंधूले आमी समजावून सांगू."

मालक कागदाकडे पाहत बसले होते. रात्रभर दवाखान्यात बसलेला माणूस, शर्टाच्या बाहीवर सिंधूचं रक्त वाळलेलं. सही केली असती, तर त्यांना बोलणारं कोणीच नव्हतं. सिंधूचं मात्र सगळंच गेलं असतं, हात, हक्क आणि वर नाव.

मला राहवलं नाही. "मालक, बटणावर हार मी टाकला होता."

त्यांनी वर पाहिलं. "देवकाबाई, ते बटण कशाचं आहे, हे मी तुम्हाला कधी सांगितलं होतं?"

"तुमी नाही सांगतलं. फिटरले दाबताना पाह्यलं होतं एकडाव."

"कधी दाबून पाहायला लावलं?"

"नाही जी."

"मग तुमच्यासाठी ती हार अडकवायची जागाच राहणार ना?"

मॅनेजर मध्ये बोलला, "पण साहेब, पदर तर तिचाच होता."

"पदर तिचा होता," मालक म्हणाले, "चाक माझं होतं."

त्यांनी तो कागद बाजूला सारला, कोरा घेतला आणि खिशातला पेन काढला. अक्षर नेहमीचंच, मोत्यासारखं. लिहून झाल्यावर आम्हाला वाचून दाखवलं. जाळी मी काढायला लावली. फिटरनं विचारलं असताना परत बसवू दिली नाही. बटण कसं वापरायचं हे बायांना कधी शिकवलं नाही. सिंधूबाईंची चूक नाही. खाली सही. पेनाचं टोपण लावत हळूच म्हणाले, "शाईनं लिहिलं आहे."

पुढं जे व्हायचं ते झालं. कारखाना काही दिवस बंद राहिला, खटला झाला, दंड झाला. सिंधूला हक्काचं होतं ते मिळालं. आम्ही घरी बसलो आणि बसल्या बसल्या मालकांनाच बोल लावले. गंगाबाई म्हणायची, "मोठा आला हरिश्चंद्र! एक सही केली असती त काय हात झडला असता?" मग स्वतःच्याच शब्दाला दचकून जीभ चावायची.

त्या दिवसांत ते सिंधूच्या घरी गेले. त्यांना वाट दाखवायला मी सोबत. सिंधूची सासू दारातच कडाडली. "तुमीच केलं आन् तुमीच पाहाले आले?"

"हो," मालक म्हणाले, "मीच केलं."

सासूजवळ अजून पुष्कळ बोलणं शिल्लक होतं. पण समोरचा माणूस हो म्हणून उभा राहिला, तर भांडण पुढं न्यावं कसं? ती आत वळून म्हणाली, "बसाले द्या वं काही." मालक खाली सतरंजीवर बसले. सिंधूनं डाव्या हातानं पाण्याचा पेला पुढं केला. तो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

कारखाना पुन्हा सुरू झाला तेव्हा सगळं बदललेलं. प्रत्येक चाकाला जाळी, आणि ती उतरवली तर चक्की चालूच होणार नाही अशी सोय. बायांना लांब बाह्यांचे कोट आणि टोप्या. तोंडाला मास्क. धूळ ओढायला मोठा पंखा. तो बसवण्याआधी मालक एक अख्खा दिवस आमच्यात बसून देठ खुडत होते. डोळे-नाक गळून गळून लाल. गंगाबाईनं त्यांच्याच डब्यातला गुळाचा खडा त्यांच्या हातावर ठेवला. "खा मालक, घसा साफ होते." ठसका लागला असतानाही ते हसले. पुढच्या आठवड्यात पंखा आला.

दर सोमवारी एका बाईनं चालती चक्की लाल बटणानं बंद करून दाखवायची, असा नियम झाला. आम्हाला भारी मजा. गंगाबाई तर आपली पाळी नसतानाही दाबायची. एकदा मालक शिंकले, हिनं चक्की बंद. मॅनेजर धावत आला. "काय झालं, काय झालं?" "काही नाही, मालकाले शिंक आली, मले वाटलं घात झाला." मॅनेजर चिडला. मालक म्हणाले, "असू द्या. दहा वेळा उगीच थांबली तरी चालेल."

"सांभाळून काम करा" हे मात्र त्यांच्या तोंडून पुन्हा कधी आलं नाही. एकदा मॅनेजर सवयीनं बोलून गेला, तर त्याला तिथंच अडवलं. "सांभाळायचं काम माझं. त्यांनी नुसतं काम करायचं." आणि जाळी ठोकून झाल्याशिवाय दाराशी उभे राहत नसत. मी एकदा विचारलं, बायांचं आधी विचारून घ्या ना, खोळंबा होते. "आधी जाळी," म्हणाले, "मग पदर. माझं झाल्यावर तुमचं."

पुढच्या खांडेनवमीला आई आल्या. आम्हाला धास्ती, आता काय म्हणतात. त्या चाकापाशी गेल्या, जाळीसमोर उभ्या राहिल्या. फिटर पाना मागं लपवून. बराच वेळ त्यांनी त्या जाळीच्या तारांवरून हात फिरवला. मग कुंकवात बोटं बुडवली आणि जाळीलाच लावली, पाच बोटं. सिंधू कामावर परत आली होती, मागं उभी होती. तिला जवळ बोलावून तिचा उजवा हात धरला आणि तिच्या उरलेल्या दोन बोटांनीही कुंकू लावून घेतलं. मालक तोंड फिरवून बाहेर गेले.

मालकांनी सिंधूला निवडलेला माल तपासायच्या कामावर घेतलं, पुढं तीच आमची मुकादम झाली. तिच्या मनात काही राहिलं नव्हतं. मालकांच्या राहिलं. मी म्हटलं एकदा, "तिनं माफ केलं जी तुमाले, तुमी काहून इतकं लावून घेता?"

"तिनं माफ केलं," ते म्हणाले, "म्हणून बोटं येतात का देवकाबाई?"



माझे गुडघे गेले आणि मी काम सोडलं. मालक गेल्या हिवाळ्यात गेले, झोपेतच. तेरावं झाल्यावर त्यांच्या मुलानं कारखान्यात फोटो लावायचा ठरवला आणि जुन्या बायांनाही बोलावलं. मुलगा भला आहे, बापावर जीव होता त्याचा. मोठा फोटो केला होता, हसरा, खिशाला पेन दिसणारा. शेडमध्ये पाय ठेवला आणि मी जागीच थबकले. पूर्वेची भिंत म्हणून फोटो टांगला होता तो लाल बटणाच्या बरोबर वर, आणि त्याला दुपेडी झेंडूचा हार. हाराचं टोक बटणाच्या पेटीवर आलेलं.

हातांना त्या पाकळ्या पुन्हा लागल्यासारख्या झाल्या.

सिंधू पुढं झाली. "दादा, हे इथून काढा."

मुलगा गोंधळला. "काहून? बाबांचा फोटो आहे."

"त्याईचाच आहे म्हणून काढा. ते असते त तुमालेच ओरडले असते." आणि तिनं स्वतःच हार उचलून धरला, अंगठा आणि एका बोटात. मुलाचं लक्ष त्या हाताकडे गेलं, मग बटणाकडे. त्यानं फोटो उतरवला.

आता फोटो शेडच्या दाराशी आहे, ते उभे राहत त्याच जागी, माणसाच्या उंचीवर. परवा सकाळी मी सहज गेले होते. बाया रांगेनं येत होत्या, पण दाराशी थांबून राहिल्या होत्या. आत जाईना कोणी. मी म्हटलं, कशाची वाट पाहून राहिल्या वं?

तेवढ्यात आतून आवाज आला. ठण, ठण, ठण. सिंधू जाळी ठोकत होती.

मग पहिल्या बाईनं फोटोकडे पाहिलं, "खोचला," म्हणाली, आणि आत गेली.