पार्बताबाईचं बिनमिठाचं वरण

अकोल्याकडच्या खारपाण पट्ट्यातल्या पार्बताबाईनं जन्मात कधी वरणात मीठ टाकलं नव्हतं. टाकायचं तरी कायले? बोअरचं पाणीच इतकं खारं, की मिठाची पुडी घरात सादळून जायची. तिच्या हातची पंगत मात्र आजूबाजूच्या गावांत गाजलेली.

तिचं दुखणं एकच, नितेश. पोरगा शिकलेला, शेती बरी. पण मुलीवाले यायचे, घोटभर पाणी प्यायचे, अन् तोंड वाकडं करून चालते व्हायचे. म्हणून चांदूर बाजारच्या महादेवरावांनी नातवाच्या बारशाचा स्वयंपाक सांगितला, तशी बाई हरखून निघाली. त्यांची धाकटी प्रणाली लग्नाची होती. आधी पोटात शिरू, मग पोरगी मागू, असा तिचा हिशेब.

अन् सकाळच्या पंगतीतच पचका झाला! हात सवयीचा, पाणी तिथलं गोडं. वरण आळणी, भाजी आळणी. "हे कोन्या दवाखान्यातली बाई आनली बाप्पा?" पाहुणे म्हणाले. बाईनं घाबरून कढीत ओंजळभर मीठ ओतलं, तर ती कुत्र्यानंही हुंगून सोडली. मिठाचा अंदाजच तिच्या हाताला नव्हता. रडू कोसळलं तिला.

मग तिनं पोराला फोन लावला. "नितेश, आपल्या बोअरचं पानी घेऊन ये. दोन कॅन."

"माय, येड लागलं का तुले? लोकं तिकडून इकडं पानी आनतात!"

"जास्त शहानपना नोको करू. निंघ."

संध्याकाळी डाळ गोड्या पाण्यात शिजली, वरून बोअरचं पाणी पडलं, अन् सारी गावपंगत बोटं चाटत राहिली. महादेवरावांनी तिसऱ्यांदा वरण मागितलं. "काय हात हाय बाई तुमचा!"

"हात कायचा, आमचं पानी हाय ते," बाईनं संधी साधली. "आवडलं असन तं प्रणाली द्या आमच्या नितेशले."

महादेवरावांचा घास हातातच राहिला. "त्या पान्यात पोरगी? नाही जमत. रोज पेऊन मुतखडे होतीन तिले." मग जरा घुटमळून म्हणाले, "पन उद्या व्याही येऊन राहिले. उरलेली कॅन ठेवून जा ना."

बाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ज्या पाण्याला जन्मभर शिव्या घातल्या, त्याचीच कॅन तिनं कमरेवर घेतली.

"पोरगी नाही, तं पानीबी नाही! चाल रे नितेश, गाडी काढ."