बेडूक, खेकडा, कासव, मगर

ग्रुप चालवणाऱ्या बाईचा फोन दर महिन्याला भरतो. मी एक तारखेला बसून फोटो उडवते, व्हिडिओ उडवते, गुलाबावर लिहिलेली सुप्रभातं तर दिसताक्षणी उडवते. किस्से मात्र उडवता येत नाहीत. ते साठत जातात आणि कुणी चहाला बसलं की आपोआप बाहेर पडतात. आता तुम्ही बसलाच आहात, तर ऐका!

आधी ग्रुप कसला ते सांगते. महाडच्या बाजारपेठेत माझा कॉम्प्युटर क्लास आहे, त्यातच झेरॉक्स. एका पावसाळ्यात दुकानात पाणी शिरलं आणि मशीन गेलं, सहा कॉम्प्युटर गेले. जास्त वाईट कशाचं वाटलं सांगू? वर पोलादपूरला सावित्री चढलेली लोकांनी सकाळीच पाहिली होती. खाली दासगावला खाडीची भरती लागलेली तिथल्या लोकांनी पाहिली होती. आम्हाला कुणी सांगितलं नाही, कारण आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं. दोन तास आधी कळतं तर मशीन माळ्यावर गेलं असतं.

म्हणून 'सावित्रीचं पाणी' हा ग्रुप काढला. रोज सकाळी आठच्या आत आपापल्या ठिकाणची नदी बघायची आणि पाणी कुठवर आहे ते टाकायचं. पावसाळाभर सगळे हौसेने टाकायचे. दिवाळी झाली की ग्रुप चिडीचूप! आणि बारा महिने नदी बघायची सवय नसेल तर ऐन पावसातही अंदाज चुकतो.

क्लासमध्ये मी एक गोष्ट पाहिली होती. टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये धडा पूर्ण केला की स्क्रीनवर एक चांदणी येते. तेवढ्या चांदणीसाठी बँकेतून रिटायर झालेले गृहस्थही अर्धा तास जास्त बसतात. म्हटलं, आपणही देऊया बिल्ले! सलग सात दिवस नोंद केली की बेडूक, तीस दिवस केली की खेकडा, शंभर दिवसांना कासव. आणि सलग वर्षभर एकही दिवस न चुकवता नोंद केली तर मगर. आमच्या नदीत मगरी आहेत, त्यामुळे तो मान तिलाच. चित्रं मीच काढली. हिशेबाला एक्सेलची शीट.

*

पहिला विरोध इम्तियाजभाईंचा. दासगावचे, तीन ट्रकचे मालक, ग्रुपचे दुसरे अ‍ॅडमिन.

"मॅडम, आम्ही काय बालवाडीत हाय काय? बेडूक देताय!"

मी म्हटलं, नको असेल तर घेऊ नका. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून जेटीच्या पायऱ्या मोजायला सुरुवात केली, कुणाला न सांगता.

आठव्या दिवशी सकाळी मी दात घासत होते. फोन वाजला. म्हटलं, एवढ्या सकाळी इम्तियाजभाई, काही बरंवाईट तर नाही?

"मॅडम, माझा बेडूक कुठाय?"

*

नाते गावचा गणेश औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत कामाला. सकाळची शिफ्ट, आणि आत फोन न्यायला बंदी. त्याने कंपनीच्या बसमधूनच नोंद करायची शक्कल काढली. बस गांधारी नदीच्या पुलावर आली की खिडकीतून पाण्यातल्या खांबावरची पातळीची खूण बघायची. पण बस जायची जोरात. म्हणून तो रोज ड्रायव्हर पवारमामांना ओरडून सांगायचा, "मामा, हळू! मामा, हळू!"

पंधरा दिवसांत सगळी बस डाव्या बाजूला खिडक्यांना चिकटायला लागली. "दोन बोटं खाली हाय!" "नाय रे, तीन!" मामा वैतागले. बस एका अंगाला कलते म्हणाले. गणेशला वाटलं, संपलं आता, मामा तक्रार करणार.

मामांनी पुलावर बस चक्क थांबवली आणि मागे वळून म्हणाले, "रोज ब्रेक मी दाबतो. मग बेडूक याला कसा? पयला मला!"

त्या दिवशी एका बसमधून बावीस मेंबर आले. अर्थात पहिलं नाव मामांचं.

*

आमच्या पेठेतले पोतदारकाका, कापडाचे व्यापारी. आकडे सगळे वाचायचे, टाकायचे फक्त सुप्रभात. फुलं, उगवता सूर्य, दोन कप चहा! मी नियम काढला, की सुप्रभात टाकणाऱ्याचा एक दिवस वजा.

काका दुकानात आले. "माझे दिवस किती आहेत?"

"शून्य, काका."

"मग वजा कशातून करणार?"

"उणे एक होईल."

काकांना उणे फार लागलं. व्यापारी माणूस! दुसऱ्या दिवशी सकाळी छत्रीची काठी घेऊन घाटावर गेले. दुकान नदीपासून पाच मिनिटांवर, पण तिथे उभं राहून त्यांना चाळीस वर्षं झाली असतील. फोटो टाकला, त्यात निम्मा काकांचा अंगठा होता. खाली लिहिलं होतं, 'नदी बरीच रुंद आहे.'

*

इम्तियाजभाईंचा धाकटा भाऊ नझीम कुवेतला असतो. त्याने पहिल्याच आठवड्यात भांडण काढलं. "मी इथनं नदी कशी बघणार? मला बिल्लाच नाय मिळणार काय?" मी म्हटलं, तू इतरांचे फोटो बघ. ते मी नुसतं समजूत घालायला म्हटलं होतं.

त्याने ते मनावर घेतलं! मध्ये एकदा इम्तियाजभाईंनी सकाळी फोटो टाकला. जेटी, पाणी सहाव्या पायरीला, बाजूला होडी. मी नोंद केली. एकसष्टावा दिवस. दहा मिनिटांनी कुवेतहून मेसेज आला.

"भाई, ती होडी आपण गेल्या महिन्यात विकली."

सगळा ग्रुप गार! इम्तियाजभाईंचं अंग मोडून आलं होतं म्हणे, म्हणून त्यांनी जुना फोटो चिकटवला होता. नियम सगळ्यांना सारखा. न बघता नोंद केली की परत एकपासून. मी एकसष्ट खोडले. उद्या पावसात हाच माणूस सहावी पायरी म्हणाला तर आम्ही त्यावर मशीन हलवायचं की नाही?

नझीमसाठी मी वेगळा बिल्ला काढला, घार. इम्तियाजभाई आठ दिवस भावाशी बोलले नाहीत. रोज नोंद मात्र केली.

*

आणि मग जुलैत तो दिवस आला. सकाळी पोलादपूरच्या पुढच्या वाडीतून पहिला मेसेज आला, की कपडे धुवायचे दगड दिसत नाहीत. साडेसातला गणेशच्या बसमधून आला, की खांबावरची खूण बुडाली. इम्तियाजभाईंनी भरतीची वेळ कळवली. दहा वाजता सगळी पेठ माल वर चढवत होती. पोतदारकाका धोतर खोचून साड्यांचे गठ्ठे फेकत होते. माझं नवं मशीन चौघांनी माळ्यावर नेलं. दुपारी दोनला रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं आणि आम्ही सगळे वरून बघत होतो. कुणाचं काही गेलं नाही!

मला रडू आलं. अभिमानाने ऊर भरून येतो म्हणतात, ते तेव्हा कळलं. समोरच्या गॅलरीतून पोतदारकाका काहीतरी ओरडत होते. वाटलं, आभार मानतायत. कान देऊन ऐकलं.

"मॅडम! आज चार वेळा नोंद केली! चार दिवस धरणार ना?"

*

आता हौसाबाईंचं सांगते. कपड्यांच्या दगडांचा मेसेज त्यांचाच होता.

हौसाबाई सत्तरीच्या. लिहिता येत नाही, म्हणून आवाजात पाठवतात. "मॅडम, पाणी तिसऱ्या दगडाला हाय. गाय व्याली, पाडी झाली. पोरगी पोटभर जेवली. ठेवते." सगळा ग्रुप आकड्यासाठी नाही, तर गाईसाठी ऐकायचा. पण आकडा कधी चुकला नाही. बाकीचे बेडूक व्हायचे, एक दिवस चुकायचे, परत बेडूक व्हायचे. हौसाबाई बेडूक झाल्या, खेकडा झाल्या, कासव झाल्या, आणि पुढे चालतच राहिल्या.

दोनशे दिवस झाले तेव्हा त्यांनी मला फोन केला. "मॅडम, त्या मगरीचा कागद देणार काय हो? माझ्या नावाचा?"

म्हटलं, देणार, लॅमिनेट करून.

"मग बरं. आमच्या भिंतीवर ह्यांचा कागद हाय, पोराचा हाय, सुनेचा बारावीचा हाय. माझ्या नावाचा कागद नाय भिंतीवर. मी शाळेतच नाय गेले."

तेव्हापासून सगळा ग्रुप दिवस मोजायला लागला. त्यांची सून रूपाली रोज टाकायची, 'आई मगर व्हायला चाळीस दिवस.' 'आई मगर व्हायला बारा दिवस.' एकाने विचारलं, सासूला मगर म्हणायला भीती नाही वाटत? रूपाली म्हणाली, "त्याच सांगतात, लिव म्हणून!"

नोव्हेंबरात वर्ष भरलं. पहिली मगर! माझ्या क्लासात कार्यक्रम ठेवला. इम्तियाजभाईंनी दासगावची माणसं टेम्पोत घालून आणली, पवारमामा शिफ्ट सोडून आले, पोतदारकाकांनी दुकानातली साडी आणली. नझीम व्हिडिओ कॉलवर, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवलेला. हौसाबाईंनी केसांत अबोली माळली होती.

मी कागद पुढे केला. हिरवी मगर, खाली मोठ्या अक्षरात त्यांचं नाव. त्यांनी तो हातात घेतला. नावावरून बोट फिरवलं. वाचता येत नव्हतं, पण बोट शेवटच्या अक्षरापर्यंत नेलं. मग कागद टेबलावर ठेवला.

"मॅडम, ह्यो मला नको."

मला वाटलं, मगरीचं चित्र आवडलं नाही.

"शिमग्याला मी माहेरी गेलेले. देवाची पालखी घरी यायची होती, म्हणून राहिले. सकाळी रूपालीला फोन केला, पाणी किती? ती बोलली, कालच्याएवढंच असंल. मी तुम्हाला तसंच सांगितलं, दुसऱ्या दगडाला हाय म्हणून."

रूपाली खाली बघत होती. इम्तियाजभाई म्हणाले, "मावशी, शिमग्यात नदीला पाणी असतं काय? तेवढंच असणार! एक दिवसानं काय होतंय?"

"असंल तेवढंच. पण मी बघितलं नव्हतं."

"मग आज कशाला सांगताय? कुणाला कळलं असतं?"

"ह्या पावसात तुमी सगळ्यांनी माझ्या बोलण्यावर दुकानं हलवली," हौसाबाई म्हणाल्या. "खोडा, मॅडम. नियम हाय ना?"

मी लॅपटॉप उघडला. तीनशे पासष्ट हा आकडा मी खूप वेळ बघत बसले. खरं सांगते, मला तो खोडायचा नव्हता. तरी खोडला.

तेवढ्यात इम्तियाजभाई उभे राहिले. मान खाजवत म्हणाले, "मॅडम, माझेपण खोडा. पेणला ट्रकच्या पासिंगला गेलेलो, ते दोन दिवस ड्रायव्हरला विचारून टाकले."

"मला म्हायती होतं!" बाटलीला टेकलेला फोन ओरडला.

पवारमामा म्हणाले, "माझा एक. पुलावर धुकं होतं, अंदाजानं टाकला."

पोतदारकाका साडीची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. "लग्नसराईतले चार," ते हळूच म्हणाले. मग बोटांवर मोजून, "पाच."

गणेशने तीन सांगितले. दासगावच्या बाकावरून दोघे उठले. मी एकेक खोडत गेले. शेवटी रूपालीने मला विचारलं, "मॅडम, तुमचे?"

माझे सात निघाले.

संध्याकाळी चहा पिऊन सगळे पांगले तेव्हा ग्रुपात एक कासव उरलं नव्हतं, एक खेकडा उरला नव्हता. हौसाबाईंनी काकांची साडी घेतली. कागद मात्र टेबलावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच फोनने टिंग केलं. मागे पाण्याचा आवाज येत होता, जोराचा, अगदी जवळून.

"मॅडम, एक लिवा. दुसऱ्या दगडाच्या चार बोटं खाली हाय. पाण्यात उभी राहून सांगते."