चाकाजवळची लाल पट्टी

साकोलीहून भंडाऱ्याला येताना एसटीत शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या काकांना मी मोबाइलमधला फोटो दाखवला. चबुतऱ्यावर ठेवलेलं लढाईतलं जुनं बॉम्बर विमान, आणि त्याच्यापुढे कमरेवर हात ठेवून मी. लढाई मीच जिंकली असावी असा थाट. यातून बॉम्ब कसे टाकायचे, हे मी त्यांना लाखनी येईपर्यंत समजावून सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "भाऊ, तुम्ही नेमके चाकापुढंच काहून उभे राहिले?"

एकाहत्तरच्या लढाईत काका अशाच बॉम्बरवर मेकॅनिक होते, हे मला तेव्हा कळलं. माझं व्याख्यान तिथंच आटोपलं. विमान उभं असताना चाक मिटू नये म्हणून त्याला लाल पट्टीवाली पिन लावलेली असते; उड्डाणाआधी ती काढून वैमानिकाला दाखवायची, विमान उतरलं की परत लावायची, हे त्यांचं काम.

"एकदा दोघं पोरं विमान घेऊन हसत गेले," ते म्हणाले. "येतीन म्हणून मी पिन धरून संध्याकाळपर्यंत उभा होतो. मंग ते पिन स्टोअरात जमा करा लागली."

मी घाईघाईने दुसरा फोटो शोधला. माझे डोळे मिटलेले म्हणून बायकोनं नापास केलेला, पण चाक दिसणारा. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि चाकाजवळच्या विटक्या लाल पट्टीवर हलकेच अंगठा ठेवला.

"लावून आहे," ते म्हणाले. "याचे पोरं घरी आले."

भंडारा येईपर्यंत त्यांनी मोबाइल परत दिला नाही, आणि मीही मागितला नाही.